एकचाकीतला गव्हर्नर

“अख्खं राज्य पदरात पडलं, तरी दुसऱ्याच्या ताटातला बटाटा सुटत नाही काही लोकांना,” असं पुटपुटत थर्झानं उकडलेल्या बटाट्यांवर लाकडी बत्ता हाणला. पातेलं चुलीवरून उडी मारतंय की काय असं वाटलं.

कॉर्नेलिया कोठीच्या दारात उभी होती, हातात जिल्ह्याच्या गावाहून आणलेला बेकरीचा केक. अशा वेळी गुपचूप चार पावलं मागे जावं आणि पुन्हा पाय वाजवत यावं, एवढा शहाणपणा सासरच्या माणसांनी तिला शिकवला होता. पण मागे लोणच्याच्या बरण्या होत्या आणि अंगात नवा घेरदार झगा होता. ती तशीच पुढे आली.

“वन्सं, केक कुठे ठेवू?”

“ठेवा हवा तिथे. गव्हर्नरीणबाईंच्या केकला जागेची काय कमी!”

“माझ्यावर का चिडताय? मी तर प्लम क्रीकमध्ये मतसुद्धा दिलं नाही. आमचं मत तिकडे, जिल्ह्याच्या गावी.”

“तुमच्यावर नाही हो, वहिनी.” थर्झानं बत्ता उचलून बटाटा झटकला. “तुम्ही तुमच्या नवऱ्याला दिलंत, मी माझ्या. बायकांना मताचा हक्क मिळाला तो एवढ्यासाठीच, असं दोघांचीही समजूत आहे. असू दे. मी बोलतेय ते त्या एका मताबद्दल.”

ते एक मत! मंगळवारी गव्हर्नरची निवडणूक झाली आणि आज शनिवार, पण घरात त्या मताचं नाव कुणी मोठ्यानं काढलं नव्हतं.

रिपब्लिकन पक्षातर्फे उभा होता ऑल्डन रेन्शॉ, थर्झाचा थोरला भाऊ, कॉर्नेलियाचा वकील नवरा. त्याच्याविरुद्ध डेमोक्रॅटांनी आणि शेतकरी संघानं मिळून उभा केला होता नेल्स एकस्ट्रॉम, म्हणजे थर्झाचा नवरा. एकाच चुलीवरचे दोन उमेदवार म्हणून अख्खं कॅन्सस हसलं. ऑल्डन येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि तो आला. त्याबद्दल थर्झाची काही तक्रार नव्हती. पण हे प्लम क्रीक गाव नेल्सचं होतं. ओढ्यापलीकडचे सगळे स्वीडिश शेतकरी त्याचे, ओढ्याअलीकडच्या निम्म्या पवनचक्क्या त्यानं दुरुस्त केलेल्या. म्हणून तर चार जुलैच्या जत्रेत भर मांडवात पैज लागली होती: राज्य कुणाचंही येवो, प्लम क्रीकमध्ये जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याला एकचाकी ढकलगाडीत बसवून आपल्या दारापासून चौफुलीपर्यंत न्यायचं. ऑल्डननं हसत हात पुढे केला होता. आपण ढकलणार हे तो धरूनच चालला होता.

आणि प्लम क्रीकमध्ये नेल्स एका मतानं हरला.

“स्वीडिश लोकांतला एक माणूस फुटणं शक्य नाही,” थर्झा म्हणाली. “एबन काका रिपब्लिकन, ते काय मेल्यावरही राहतील. लोहार, पाद्रीबाबा, दुकानदार, सगळ्यांची तोंडं मी आधीच बघून ठेवली होती. अख्ख्या गावात एकाच माणसाची खात्री मला देता येत नाही, आणि ते माणूस आत्ता पडवीत बसून वाळला घेवडा सोलतंय.”

“वन्सं! आई ऐकतील.”

“ऐकू दे की. अठरा वर्षं माझा नवरा तिच्या विहिरीत उतरतोय, तिच्या छपरावर चढतोय. जन्मात पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली, आणि...” पुढचं तिनं बटाट्यांना सांगितलं.

कॉर्नेलियानं हातमोजे काढले आणि बशा पुसायला घेतल्या. तिला सांगावंसं वाटत होतं, पण सांगता येत नव्हतं. राज्याचा निकाल आला त्या संध्याकाळी घरात माणसं मावत नव्हती, कुणी टोप्या उडवत होतं, आणि ऑल्डन गर्दीतून वाट काढत टेलिफोनपाशी जाऊन एकच विचारत होता, ‘प्लम क्रीकचं काय?’ एका मतानं आपण जिंकलो हे कळल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि लहान पोराला सुट्टी मिळावी तसा हसला. ‘कॉर्नी,’ तो म्हणाला, ‘आईनं मला दिलं.’ लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्याचं असं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. ते मत आईचं नव्हतं असं निघालं, तर उरलेलं राज्य त्या माणसाला गोड लागणार नव्हतं.

“चांदीचे चमचे कुठे असतात?” तिनं विचारलं.

“तुमच्यासाठी काढलेत बाहेर,” थर्झा म्हणाली. “पाहुण्यांचे.”

*

दुपारच्या जेवणाला ऑल्डन आपल्या जुन्या जागेवर बसायला गेला, तर तिथे नेल्सच्या थोरल्या पोराची खुर्ची होती. पोरं बॅंडवाल्यांबरोबर आधीच चौफुलीला पळाली होती, पण खुर्ची मात्र जागेला चिकटून होती. तो टेबलाच्या टोकाला बसला. तिथे वडील बसायचे, आणि आता पाद्रीबाबा आले की बसतात.

आईनं त्याच्यापुढे निळ्या काठाचा कप ठेवला. नेल्सपुढे कान तुटलेला.

“मला तो तुटका चालला असता,” ऑल्डन म्हणाला.

“तो नेल्सचा आहे,” ड्रुसिलाबाई म्हणाल्या आणि कोंबडीचं ताट पुढे सरकवलं.

ड्रुसिला रेन्शॉ लहानखुऱ्या होत्या, आणि बोलणं त्याहून लहान. मंगळवारी त्यांनी चर्चची टोपी घातली, बग्गीतून शाळेत गेल्या, पडद्याआड जाऊन आल्या, घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकले. ‘कसं वाटलं?’ असं थर्झानं विचारल्यावर म्हणाल्या, ‘पेन्सिल बोथट होती.’ त्यापलीकडे शब्द नाही. रेन्शॉ घराण्याची ही तऱ्हाच. गव्हाच्या भावावर तासभर बोलतील, मनातलं मात्र बियाण्यासारखं दडवून ठेवतील आणि पुढच्या पिढीला तसंच देतील. ऑल्डन कायदा शिकायला घर सोडून निघाला तेव्हा स्टेशनवर आई एवढंच म्हणाली होती, ‘मोजे कोरडे ठेव.’ त्यानं ठेवले. अजून ठेवतो.

“तर मग,” एबन काकांनी मिशीवरचा रस्सा पुसला. ते ऑल्डनच्या वडिलांचे धाकटे भाऊ, जुने शिपाईगडी, आणि मंगळवारी शाळेत मतं मोजणाऱ्यांतले एक. “गव्हर्नरसाहेब, गादी घेणार का गाडीत? की असंच बसणार?”

“असाच बसतो, काका. जनतेचा माणूस आहे.”

“जनतेची हाडं ठेचली जातात त्या गाडीत. मी त्यातून खत वाहिलंय.”

“धुतली मी सकाळी,” नेल्स म्हणाला. तो असा बोलायचा की वाक्य संपायच्या आत माफी मागतोय असं वाटावं. आज मात्र त्याचा चेहरा फारच प्रसन्न होता. प्रचाराच्या तीन महिन्यांत उतरलेलं सगळं वजन चार दिवसांत भरून आल्यासारखा.

“एकच तंगडी उरलीय,” थर्झा म्हणाली. “कुणाला?”

“नको मला,” नेल्स म्हणाला.

“दाजी, मी विचारतो,” ऑल्डननं ताट उचललं. “घ्या की.”

“नको, खरंच.”

“आता तिसऱ्यांदा विचारू का?”

टेबल हसलं आणि नेल्स कानापर्यंत लाल झाला. ती गोष्ट सगळ्या घराला माहीत होती. नेल्सच्या स्वीडनमधल्या गावी, स्मालंडला, कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र हो म्हणावंच लागतं, नाहीतर त्या घराचा अपमान होतो. वसंतात शेतकरी संघाची माणसं उमेदवारी घेऊन आली. ‘नको,’ नेल्स म्हणाला, आणि त्याला खरोखरच नको होती. त्यांनी पुन्हा विचारलं. ‘नको हो.’ मग ती माणसं उठली, टोप्या घातल्या, आणि जाता जाता एकानं दारातून नुसतं रीतीखातर म्हटलं, ‘मग नाहीच ना?’ नेल्सनं जमिनीकडे बघितलं, सुस्कारा सोडला, आणि म्हणाला, ‘बरं.’

“विचारू नकोस, ऑल्डन,” नेल्स म्हणाला. “मागच्या वेळेला फार महागात पडलंय.”

“आम्हाला नाही पडलं,” एबन काका म्हणाले. “तू नसतास तर दुसरा कुणीतरी भाषण ठोकणारा उभा राहिला असता. तुझी भाषणं कशी, आटोपशीर! ‘नमस्कार, मी नेल्स. काही विचारायचं असेल तर विचारा.’ आणि लोक विचारायचे पंपाचा वॉशर कुठला घ्यावा.”

“आणि हे सांगायचे,” थर्झा म्हणाली, “सगळ्या सभेला. फळ्यावर चित्र काढून.” ती हसत होती, पण आईच्या बाजूनं मान वळवायची नाही हे तिनं ठरवलेलं दिसत होतं. मीठ हवं होतं ते आईसमोर होतं, तर तिनं अळणी खाल्लं.

ऑल्डननं ते पाहिलं. पडवीत घेवडा सोलताना आईशेजारी तो सकाळी अर्धा तास बसला होता. चार वेळा वळण घेऊन त्या विषयाच्या दारापर्यंत गेला आणि चारही वेळा आईनं त्याच्या हातात आणखी शेंगा दिल्या. हजार माणसांसमोर विरोधकाची सालटी काढणारा माणूस, पण त्याला एवढंसं विचारता येईना: आई, तू मला दिलंस ना?

“आई,” तो म्हणाला. थर्झाचा काटा हवेत राहिला. “आई... बटाटे छान झालेत.”

“थर्झानं केलेत,” ड्रुसिलाबाई म्हणाल्या.

बाहेर पवनचक्की कुरकुरली, थांबली, आणि पुन्हा कुरकुरली. नेल्स खुर्चीतून अर्धा उठलासुद्धा.

“बस,” ड्रुसिलाबाईंनी त्याच्या बाहीला हात लावला. “जेव आधी. कुठे पळून जात नाही ती.”

ऑल्डन त्या हाताकडे बघत राहिला. त्याला आवाजसुद्धा ऐकू आला नव्हता.

*

कोठारात नेल्स ढकलगाडीच्या आसाला वंगण लावत होता आणि शीळ घालत होता.

“हरलेला माणूस अशी शीळ घालत नाही,” दारातून एबन काका म्हणाले. “मी लढाईत हरलेली माणसं पाहिलीत.”

नेल्सची शीळ बंद झाली.

“नाही, घाल, घाल. मी कुणाला सांगतोय!” काका गवताच्या भाऱ्यावर टेकले. “गव्हर्नर व्हायचं नव्हतं ना तुला?”

“राजधानीला गायी नाहीत,” नेल्स म्हणाला. मग थोड्या वेळानं, “आणि मी तिथे काय बोलणार? पण ज्यांनी मतं दिली त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी कुणाकडे बोललो नाही. थर्झाकडे तर नाहीच. तिनं तीन महिने घोडा दामटत सगळा जिल्हा पालथा घातला.”

“आणि आता ती आईशी बोलत नाही.”

नेल्सचा हात थांबला. “कुठल्या आईशी?”

“अरे, इथे आया किती आहेत? तिला वाटतंय की ते एक मत वहिनींनी फिरवलं. मंगळवारपासून अबोला आहे. तुला दिसलं नाही?”

नेल्सला दिसलं नव्हतं. पवनचक्कीचं कुरकुरणं जेवणाच्या टेबलावरून ऐकू येणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुलीपुढचा अबोला चार दिवस ऐकू आला नव्हता. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

मंगळवारी पडद्याआड काय झालं ते त्याच्या पोटात तेव्हापासून होतं. कागदावर दोन नावं, एकाखाली एक. पेन्सिल खरंच बोथट होती. त्यानं ती आपल्या नावापुढच्या चौकटीवर नेली, आणि त्याला लहानपणी आजी म्हणायची ते आठवलं, ताटातला मोठा तुकडा स्वतः उचलणारा हात देव लक्षात ठेवतो. स्वतःच्या नावापुढे स्वतःच फुली! इतके उमेदवार होऊन गेले, ते सगळे हे असं करत असतील? भर शाळेत, पोरांच्या बाकावर बसून? त्याचे कान गरम झाले. त्यानं ऑल्डनच्या नावापुढे फुली मारली, कागदाची घडी केली, आणि त्याला एकदम मोकळं वाटलं, जसं तंगडी दुसऱ्याच्या ताटात गेल्यावर वाटतं. एका मतानं काय होतंय, असं तो स्वतःशी म्हणाला होता.

“काका,” तो म्हणाला, “एक माणूस मूर्ख असेल, पण त्याचा हेतू वाईट नसेल, तर त्यानं ते सांगावं का?”

“बायकोला?”

“बायकोला.”

एबन काकांनी विचार केला. “मोकळ्या मैदानात सांग,” ते म्हणाले. “आणि पळायला वाट ठेव.”

*

दुपारी मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढे एकचाकी, तिच्यात उंच टोपी घातलेला, गुडघे हनुवटीला टेकलेला कॅन्ससचा नवा गव्हर्नर. मांडीवर कॉर्नेलियानं बळेच दिलेली उशी, कारण बुडाखाली घ्यायला त्यानं साफ नकार दिला होता. मागे दांडे धरून नेल्स. शेजारून तरातरा चालणारी थर्झा, कारण बग्गीत आईशेजारी बसायचं नाही. आणि मागून बग्गी, एबन काकांच्या हातात लगाम, आत ड्रुसिलाबाई आणि कॉर्नेलिया. नोव्हेंबरचं ऊन पडलं होतं, दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी हिरवळ, आणि लांब चौफुलीवर बॅंडवाल्यांची पितळी वाद्यं चमकत होती.

“सरळ, दाजी, सरळ!” ऑल्डन टोपी धरून ओरडला. “राज्याचा तोल सांभाळा!”

“तू हलतोयस,” नेल्स धापा टाकत म्हणाला. “चाक नाही.”

“कर वाढवणार नाही म्हणाला होतास ना?” थर्झा भावाला म्हणाली. “वजन वाढवलंयस ते?”

ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या अलीकडे चाकानं कण्हल्यासारखा आवाज काढला आणि गाडी थांबली. नेल्सनं दांडे खाली ठेवले आणि खिशातून पाना काढला. त्याच्या खिशात पाना नव्हता अशी वेळ आठवणं अवघड होतं. बग्गी शेजारी येऊन उभी राहिली. ऑल्डन उतरायला लागला, तर एबन काकांनी चाबूक आडवा धरला. “पैज आहे. पाय जमिनीला लागला तर पुन्हा दारापासून.”

म्हणून गव्हर्नर बसून राहिला, आणि नेल्स चाकाशी मांडी घालून बसला, आणि तिथूनच, चाकाकडे बघत, म्हणाला, “थर्झा, ते मत माझं होतं.”

“कुठलं मत?”

“ते एक. मी ऑल्डनला दिलं.”

थर्झा गाडीला वळसा घालून त्याच्यासमोर आली.

“तू,” थर्झा म्हणाली. “तू कुणाला दिलंस?”

“स्वतःलाच कसं देणार, थर्झा? बरं दिसत नाही ते.”

“बरं दिसत नाही!” तिचा आवाज चौफुलीपर्यंत गेला असावा, कारण बॅंड अर्ध्यात थांबला. “मी तीन महिने खोगीर झिजवलं! पाद्रीबाबांच्या बायकोला तीन वेळा जेलीच्या बाटल्या दिल्या! आणि तू... तू स्वतःला... अरे, तुझं ते एक मत इकडचं तिकडे झालं नसतं, तर आत्ता त्या गाडीत तू असतास आणि ढकलत हा असता!”

“ते माझ्या ध्यानात आलं,” नेल्स म्हणाला. “नंतर.”

पहिल्यांदा कॉर्नेलियाला हसू फुटलं. मग एबन काकांना. ते इतके हसले की घोडं बिचकलं. थर्झानं नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनंच त्याला दोन फटके मारले, तिसऱ्याला तिचाही हात हसण्यानं गळाला. मग ती एकदम गंभीर झाली, बग्गीच्या पायरीवर चढली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “आई, मी चार दिवस तुला नाही नाही ते... चुकलं माझं. मला वाटलं, तू.”

ऑल्डनच्या चेहऱ्यावर हसू होतं, फोटोत असतं तसं. कॉर्नेलियानं ते पाहिलं. तिनं हात पुढे केला, पण गाडीत बसलेल्या माणसापर्यंत बग्गीतून हात पोचत नाही.

“चला, सुटलं कोडं,” तो म्हणाला. “म्हणजे नेल्सचं मत मला आणि आईचं नेल्सला. फिट्टंफाट. हे बरंच झालं. न्याय्यच आहे. जो माणूस रोज...”

“मी तुलाच दिलं,” ड्रुसिलाबाई म्हणाल्या.

थर्झाचा हात गुडघ्यावरून निघाला. “काय?”

“ऑल्डनला दिलं. फुली नीट उठेना, म्हणून दोनदा गिरवली.”

ऑल्डन गाडीत उठून बसायला गेला, गाडी कलली, नेल्सनं ती खांद्यानं सावरली. “मला? आई, खरंच? मला दिलंस?” उंच टोपी मानेवर गेली होती. चव्वेचाळीस वर्षांचा गव्हर्नर, पण कान तेच, शाळेतले. “का?”

“आता का ते कशाला,” एबन काका घाईघाईनं म्हणाले. ते वहिनींना पन्नास वर्षं ओळखत होते. “दिलं ना? चला, बॅंड थांबलाय.”

“विचारतोय तर सांगते.” ड्रुसिलाबाईंनी मांडीवरची शाल सारखी केली. “जो जिंकेल तो राजधानीला, टोपीकाला जाणार. नेल्स गेला तर पंप कोण बघणार? छपराचा तो कोपरा गळतो. गायी व्यायच्या असल्या की रात्री मी कुणाला हाक मारू? त्याच्यावाचून माझं पानही हलत नाही. नेल्सला पाठवणं मला परवडत नव्हतं.”

“आणि मला परवडत होतं,” ऑल्डन म्हणाला.

“तू गेलेलाच आहेस. गेलेला माणूस आणखी थोडा लांब गेला, एवढंच.”

नेल्स पाना हातात घेऊन चाकाकडेच बघत होता. थर्झाला आता आईवर रागवावं की भावाची कीव करावी ते कळेना, आणि या दोन्ही गोष्टी तिला एकदम कधी कराव्या लागल्या नव्हत्या. ऑल्डन आधी हसला. त्याला हसता येत असे, त्यावर तर निवडून आला होता. “म्हणजे राज्यातली सगळी मतं माझ्या भाषणांना आणि घरची दोन, एक भिडेखातर आणि एक मी घरी नसलो तरी चालतं म्हणून! छापायला द्यायला हवं.” तो थांबला. उशी त्यानं मांडीवर उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग आईकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, “खरं आहे, आई. माझ्यावाचून तुझं कधी काही अडलं नाही.”

कॉर्नेलियानं रुमाल काढला. एबन काका घोड्याच्या कानांचं निरीक्षण करू लागले. आता कुणीतरी पिकाबद्दल काहीतरी बोलावं, ही त्या घराची रीत होती, आणि थर्झानं तोंड उघडलंही होतं, यंदा गहू लवकर उगवलाय म्हणायला.

ड्रुसिलाबाईंनी तिला हातानं गप्प केलं. त्या बग्गीतून उतरल्या, एकट्याच, कुणाचा हात न घेता. एकचाकीपाशी आल्या. बसलेला मुलगा आणि उभी आई, दोघांची डोकी बरोबर एका उंचीवर आली, ती ऑल्डननं घर सोडण्याआधी कधीतरी शेवटची आली असतील. त्यांनी त्याची टोपी सरळ केली, गळ्याचा टाय ओढून नीट बसवला, आणि तो तसाच धरून ठेवला.

“नाही अडत,” त्या म्हणाल्या. “तू गेल्यापासून एक दिवस अडलं नाही.”

टाय त्यांच्या मुठीत होता.

“करमत नाही रे, ऑल्डन. एक दिवस करमलं नाही.”